गांगुर्डे मास्तरांची जीभ

गांगुर्डे मास्तर गप्प बसलेले असत तेव्हाही त्यांची जीभ गप्प नसे. ओठ मिटलेले, नजर समोर कुठेतरी, चेहऱ्यावर काही नाही; पण हनुवटीच्या खाली गळ्याची कातडी बारीक बारीक उडत असायची. नाशिकच्या सीबीएस स्टँडवर एसटीची वाट बघताना, रेशनच्या रांगेत, कुणाच्या मयताला गेले तरी. अनोळखी माणसाला वाटे, यांना काहीतरी दुखणं असावं. आम्हाला माहीत असायचं की आत परेड चालली आहे. तु-कु-तु-कु, तु-कु-तु-कु.

परेड हा त्यांचाच शब्द. तरुणपणी ते लष्करी बँडात होते. तिथे बासरी वाजवायचे आणि पिकोलो नावाची बासरीची ती चिमुकली, किंचाळणारी बहीण. तिथून सुटल्यावर नगरपालिकेच्या पाणीखात्यात वॉल्व्हमन म्हणून लागले. पहाटे हातभर लांबीची लोखंडी चावी सायकलच्या दांड्याला बांधून निघायचे आणि एकेका गल्लीचं पाणी सोडत हिंडायचे. उरलेल्या वेळात शहरातल्या एका ऑर्केस्ट्रात बासरी. त्यांचं एवढंच चरित्र मला माहीत आहे. जन्मगाव कुठलं, किती भावंडं, काही मी कधी विचारलं नाही. मी त्यांच्या जिभेकडेच बघत राहिलो. आता पन्नाशी उलटल्यावर लिहायला बसलोय, तेही जिभेबद्दलच. त्यांच्या, आणि माझ्याही.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट असेल. मी विंचूरहून येऊन वीज खात्याच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो होतो. बासरी वाजवायचो, आपली आपण शिकलेली. कचेरीच्या गणपतीत मी एक गाणं वाजवलं. त्यानंतर ऑर्केस्ट्रा होता, म्हणून त्यांची माणसं बाजूला खुर्च्या मांडत होती. त्यातला एक काळासावळा, उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस खुर्ची हातात तशीच धरून माझ्याकडे आला.

"फुंक कुणी शिकवली?"

"कुणी नाही. माझी मीच."

"मग चांगली हाय." खुर्ची खाली ठेवत ते म्हणाले, "पण जीभ झोपलीय तुमची. सगळे सूर एकमेकाला चिकटलेत, शिळ्या भातासारखे. फुंक म्हंजी टाकीतलं पाणी हो. ते येतंच. त्याला वॉल्व्ह नको?"

आजूबाजूचे हसले. मला राग आला होता, पण दुसऱ्या रविवारी पत्ता विचारत मी त्यांच्या वसाहतीत गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस नाही, एक मोगरा होता. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली शिलाई मशीन. मशीनवर त्यांची बायको. सगळी वसाहत तिला मावशी म्हणायची, मीही म्हणू लागलो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि दारातच 'तुम्ही'चं 'तू' करून टाकलं.

"बासरी आणलीस? ठेव ती कोपऱ्यात. दिवाळीपर्यंत तिला हात लावायचा नाय."

"मग शिकायचं काय?"

"बोलायला शिकायचं."

ज्यांना बासरीतलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सूर वेगळे, सुटे यायचे असतील तर प्रत्येक सुराला जिभेचा ठोका द्यावा लागतो. जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मुळाशी लागते आणि सुटते, जसा आपण 'तु' म्हणतो. गाणं संथ असेल तोवर ठीक. लय वाढली की जिभेचं टोक दमतं, मागे पडतं. मग जिभेच्या मागच्या भागाने 'कु' म्हणायचं. एक ठोका टोकाचा, एक मागचा. विहिरीवर एकाच्या जागी दोघं पाणी शेंदायला लागले की कसं होईल, तसं. ऐकायला सोपं आहे. करून बघा. 'तु' ठसठशीत येतो, 'कु' मात्र पोकळ, घशात अडकलेला येतो आणि सुरांची रांग लंगडू लागते.

"तु दारातला, कु माजघरातला," मास्तर म्हणायचे. "दारातल्याला सगळे रामराम करतात. पण घर कोण चालवतं? माजघरातला."

"कोण चालवतं?" मशीनवरून मावशी विचारायची.

"तू. मी तेच म्हणतोय ना."

लयीसाठी त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. मावशीचं मशीन हेच आमचं घड्याळ. पायट्याच्या खटखटीवर जीभ चालवायची. त्यामुळे आमचा अभ्यास किती वेगाने होणार हे त्या दिवशी काय शिवायला आलंय यावर ठरे. काजं-बटणं असली की सगळं थांबत थांबत. ब्लाउजाच्या बाह्या असल्या की दोन ओळी बऱ्या जायच्या, मग वळण. आणि परकर आले की चंगळ. परकराला लांबच्या लांब सरळ टाका, मशीन जे सुटायचं ते सुटायचंच. दारात चप्पल काढतानाच मी विचारायचो, "मावशी, आज काय?"

"आज दातांच्या डॉक्टरीणबाईंचे ब्लाउज हायेत. लय चिकट बाई. सावकाश चालणार. आज तुमचं काय पळणार नाय, भाऊ."

किंवा, "परकर हायेत! बसा बसा."

ते वाक्य ऐकलं की मास्तर शर्टाच्या बाह्या दुमडायचे. नवरा-बायको दोघं एकदम सुटायचे. ती पायाने, तो जिभेने. मधेच ती हसून पाय थांबवायची, "थांबा, मला धाप लागली." "मला नाय लागली," हे म्हणायचे. मी दोघांच्या मधे तोंड उघडं टाकून बसलेला असे.

माझा 'कु' कच्चा होता. पहिल्या दिवसापासून. मास्तर ते सोडायचे नाहीत. बोलता बोलता, चहा पिता पिता, "कु म्हण." म्हणायचो. "कच्चा. पुन्हा म्हण." चारचौघांतही. एकदा शालिमारच्या चौकात, माझं नुकतंच जिच्याशी लग्न ठरलं होतं त्या मुलीच्या भावाबरोबर मी उभा असताना, सायकलवरून जाता जाता ओरडले, "वसंता, कु!" माझा होणारा मेहुणा कितीतरी दिवस माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत होता.

जिभेला ते फार जपायचे. तंबाखू नाही, पान नाही. चहा बशीत ओतून, त्यावर साय धरेपर्यंत थांबून. ठेच्याला शिवायचे नाहीत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने हिरवी मिरची पानात टाकली तर साप पडल्यासारखे दचकायचे. पेरू चाकूने कापून मागच्या दातांनी खायचे, कारण पुढचे दात हा जिभेचा ओटा. "ओटा खचला तर बाई सैपाक कुठं करील?" पाणीखात्यातली माणसं त्यांची टिंगल करत. "मास्तर, जिभेचा विमा उतरवा." हे शांतपणे म्हणायचे, "कंपनीला परवडायचं नाय."

आणि ऑर्केस्ट्रात ते बसले की ही टिंगल कुठच्या कुठे जायची. एका गाण्यात दोन कडव्यांच्या मधे बासरीचा एक तुकडा होता, सगळा जिभेचा. गाणारा मुलगा कसाही गावो, तो तुकडा आला की लोक खुर्चीत पुढे सरकायचे. येवल्याला एकदा तिन्हीसांजेच्या कार्यक्रमात जनरेटर बंद पडला. माईक गेला, दिवे गेले, मैदानात शिट्ट्या सुरू झाल्या. मालक मनूशेठ विंगेत कपाळ धरून बसले. मास्तर उठले, स्टेजच्या अगदी काठाशी गेले आणि माईकशिवाय तो तुकडा वाजवू लागले. पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडा अधिक वेगात, पण एकेक सूर असा सुटा की अंधारात बोट ठेवून मोजावा. शिट्ट्या थांबल्या. दिवे आले तेव्हा ते जागेवर येऊन बसले होते. मी म्हणालो, "मास्तर, लोक कसे गप्प बसले!"

"गप्प कुठं बसले? एकमेकाला 'गप रे' म्हणत होते," ते म्हणाले. "जेवढ्यांनी गप म्हटलं, तेवढी आपली कमाई."

मी त्यांच्या शेजारीच बसलेलो असायचो. खंजिरी हलवायला. त्यांनीच शिफारस करून मला ऑर्केस्ट्रात घेतलं होतं. बासरीवाला एकच लागतो, म्हणून मी खंजिरी. तीन वर्षं मी त्या माणसाच्या उजव्या हाताला बसून खंजिरी हलवली. तो तुकडा मलाही येत होता. सावकाश येत होता, कच्च्या 'कु'सकट येत होता, पण येत होता. मनूशेठना मी एकदा घाबरत घाबरत विचारलं. त्यांचं मेनरोडला कापडाचं दुकान. थान उलगडता उलगडता म्हणाले, "देख वसंता, गांगुर्डे है तोपर्यंत तू खंजिरी. उसने छोडा तो कुर्सी तेरी. बीचवालं काही नाही, समझा?"

मी समजलो. इथपर्यंत माझ्या मनात वाईट काही नव्हतं. होतं ते एवढंच, की एक खुर्ची आणि आम्ही दोघं.

मग मास्तरांचे दात हलायला लागले. वरचे पुढचे, नेमके ओट्याचे. सकाळी तोंड धुताना रक्त यायचं. एका रविवारी परकराच्या टाक्यावर वाजवता वाजवता ते मधेच थांबले. मावशीचं मशीन पुढे गेलं, मग तेही थांबलं. मास्तरांनी बोटाने एक दात हलवून पाहिला. दाराची कडी हलवतात तसा. त्यांच्या तोंडावर भीती मी त्या एकदाच बघितली.

मावशीने ब्लाउजवाल्या डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याकडे, तेही दातांचेच डॉक्टर, जायला लावलं. मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी फोटो काढला आणि दुसऱ्या संध्याकाळी या म्हणाले. त्या संध्याकाळी मास्तरांची पाणी सोडायची पाळी होती.

"तू जा," ते मला म्हणाले. "तू शिकलेला. नीट विचारून ये. मला दोनच गोष्टी कळायला पाहिजेत. काढावे लागतील का? आणि काढले, तर कवळीवर जीभ चालेल का?"

डॉक्टर म्हणाले, "घाई काय आहे? हिरड्या खराब आहेत, पण साफ करू, औषध देऊ, तारेनं बांधून ठेवू. दोन-तीन महिने वाजवू नका म्हणावं. बसले तर बसतील. काढायचे तर कधीही काढता येतात, परत लावता येत नाहीत." कवळीचं विचारलं तर हसले. "कवळीवर बासरी? ती खात्री मी नाही देणार."

मी सायकलवरून निघालो. मेनरोडच्या एका भिंतीवर आमच्या मागच्या एका कार्यक्रमाचं पोस्टर अजून चिकटलेलं होतं. गायकांचे फोटो, निवेदकाचा फोटो, आणि तळाशी बारीक अक्षरात वादकांची नावं. बासरी, रंगनाथ गांगुर्डे. शेवटी 'तालसाथ' आणि त्यापुढे चार जणांची आडनावं, त्यात मी. सायकलवरून न उतरता, एक पाय रस्त्यावर टेकवून मी ते वाचलं. आधी कितीदा तरी वाचलेलं. त्या दिवशी वेगळं काही वाटलं असंही नाही. वेगळं काही वाटलं नाही, हेच मला पुढे इतकी वर्षं छळत आलं आहे.

मास्तर दारात उभे होते. हातात अजून ती लोखंडी चावी.

"काय म्हणले?"

"काढावे लागतील," मी म्हणालो.

"दुसरं काही?"

"नाही म्हणाले. ठेवून उपयोग नाही."

त्यांनी चावी भिंतीला टेकवून ठेवली. "आणि कवळीवर?"

"वाजेल म्हणाले. सवय होईल म्हणाले."

ते मान हलवत राहिले. मी आणखी म्हणालो, "काढायचेच तर डॉक्टरांकडे कशाला, सरकारी दवाखान्यात फुकटात काढून देतील." हे मी त्यांचे पैसे वाचावेत म्हणून बोललो असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं कारण असं की त्यांनी पुन्हा त्या डॉक्टरांच्या समोर जाऊ नये. खोटं बोलताना मी एवढा पुढचा विचार केला. फक्त शिलाई मशीन मला आठवलं नाही. त्याच मशीनवर मी बोलायला शिकलो होतो, आणि त्याच मशीनवर डॉक्टरीणबाईंचे ब्लाउज शिवून व्हायचे.

सरकारी दवाखान्यात कुणी काही विचारलं नाही. दात काढून मागितले, त्यांनी काढून दिले. जखमा भरल्यावर भद्रकालीतल्या एका दात बसवणाऱ्या कारागिराकडून कवळी आली. टाळूला चिकटणारी गुलाबी पट्टी आणि तिला पुढचे चार दात. नव्या बुटाला घाबरावं तसे मास्तर तिला घाबरून होते. पण बसले. मशीनसमोर बसले. मावशीने मुद्दाम परकराची ऑर्डर राखून ठेवली होती. आणि खरोखर, आठवड्याभरात त्यांची जीभ चालू लागली! 'तु' थोडा जाड येई, पण येई. मावशी पायटा मारत रडत होती आणि हसत होती. "मी म्हणलं नव्हतं का? म्हणलं नव्हतं का?"

आम्ही तिघंही एक चूक करत होतो. कुठल्याही बासरीवाल्याने शांत खोलीत बसून वाजवून पाहिलं असतं. आम्हाला मशीनशिवाय वाजवायची सवयच नव्हती. पट्टी जरा सैल होती. दर 'तु'ला ती टाळूवरून सुटायची आणि परत बसायची, आणि तिचा आवाज मशीनच्या खटखटीत मिसळून जायचा.

'तिघंही' असं मी म्हटलं, पण तेही पूर्ण खरं नाही. एकदा दोरा तुटला. मशीन थांबलं, मावशी सुईत दोरा ओवायला वाकली आणि मास्तर पुढे दोन-चार सूर वाजवत राहिले. तेव्हा मला ऐकू आलं. टक. टक. मास्तरांना ते कानांपेक्षा हाडात जाणवलं असणार. त्यांनी बासरी खाली घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ठीक हाय ना?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

दोरा ओवला गेला. मशीन सुरू झालं.

गणपतीतला पहिलाच कार्यक्रम नाशिकरोडला होता, घरच्याच माणसांसमोर म्हणायला हरकत नाही. पाणीखात्यातले लोक पहिल्या रांगेत. ते गाणं आलं, कडवं संपलं, मास्तर माईकजवळ सरकले. आणि स्पीकरमधून बासरीबरोबर टकटकटकटक असा आवाज सगळ्या मैदानभर गेला. प्रथम कुणाला काही कळेना. मनूशेठ विंगेतून ओरडले, "ए, ये टकटक कसली? माईक बघ रे कोणी!" मागून एकजण मोठ्यांदा म्हणाला, "टायपिंग क्लास चालू झाला काय?" आणि मैदान फुटलं.

मास्तर थांबले. त्यांनी तोंड फिरवलं, कवळी काढली, रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली, आणि पुन्हा वाजवायला घेतलं. आता जीभ टेकणार कशावर? 'तु' म्हणायला जावं तो 'थु' यायचा, वारा सगळा पुढून सांडायचा. तरी ते वाजवत होते. पहिल्या रांगेतली पाणीखात्याची माणसं खाली बघत होती.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मानेने खूण केली. माझ्या पिशवीत बासरी होती. त्या दिवशी मी ती घेऊन आलो होतो. हे त्यांना कसं ठाऊक, मला माहीत नाही. मी खंजिरी ठेवली, बासरी काढली, माईक माझ्याकडे ओढला आणि तो तुकडा वाजवला. टाळ्या पडल्या. बहुधा सुटल्यासारखं झालं म्हणूनच पडल्या. पण मी त्या घेतल्या.

खुर्ची मला मिळाली. पुढच्या पोस्टरवर माझं नाव आलं. मास्तरांनी आपल्या बासऱ्यांची पिशवी मला देऊन टाकली. दिवाळी झाल्यावर मी मिठाई घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, "या वसंतराव, बसा." मला वाटलं, आता आपण ऑर्केस्ट्राचे बासरीवाले झालो म्हणून मान देतायत. मी वाजवून दाखवलं. ते ऐकत होते, हनुवटीखाली गळा उडत होता. "छान वाजवता," म्हणाले. 'कु' बद्दल एक शब्द नाही. पुढच्या वेळीही नाही. मी समजलो, पक्का झाला.

पक्का झाला नव्हता. मी पुढे पाच-सहा वर्षं कच्च्या 'कु'वर भाकरी खाल्ली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग घरोघर टेपरेकॉर्डर आले, मागून व्हिडिओ आले, ऑर्केस्ट्रे एकेक करत बंद पडले. मनूशेठ नुसतं कापड विकू लागले. माझी मालेगावला बदली झाली. जायच्या आधी बासऱ्यांची पिशवी परत करावी म्हणून मी मास्तरांकडे गेलो. त्यांच्याकडे मधे वर्षभर फिरकलो नव्हतो.

घरात मावशी एकटीच होती, मशीनवर. मास्तर मागे नळावर होते. निवृत्त झाले तरी पाणी आलं की स्वतः भरायला उभे राहत. बुद्धाच्या तसबिरीखाली स्टीलच्या वाटीत, पाण्यात, कवळी पडलेली होती. मी ती पिशवी खाली ठेवली. मावशीने पाहिलं, पाय थांबवला नाही.

"बदली झाली म्हणे."

"हो, मालेगाव."

"बरंय." थोडं शिवून मग सहज, कुणा तिसऱ्याबद्दल बोलावं तशी म्हणाली, "दात काढले त्याच दिवाळीला डॉक्टरीणबाई आली होती. ब्लाउज न्यायला. म्हणाली, तुमच्या मालकांनी दात का काढले हो? आमच्यांनी तर त्या मुलाला सांगितलं होतं, थांबा म्हणून."

माझ्या कानांत मशीनचाच आवाज राहिला.

"मास्तरांना..." मी म्हणालो.

"ते हितंच बसले होते. वाटीत कवळी धूत होते."

"मग? काय म्हणाले?"

"काय म्हणतील? म्हणले, मशीन चालव."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर केला. "नका. मला लय राग आला होता, भाऊ. लय दिवस आला होता. आता नुसता कंटाळा आलाय."

मास्तर बादली घेऊन आत आले. थकले होते, गाल आत गेले होते. "या, वसंतराव." पिशवी पाहून म्हणाले, "कशाला आणलीत?" पण घेतली. मी न सांगताच एक बासरी काढली आणि वाजवायला लागलो. काय वाजवलं ते सांगायला नको. मी मुद्दाम वाईट वाजवलं नाही, मुद्दाम चांगलंही नाही. जसा होता तसा माझा 'कु' त्यांच्यासमोर ठेवला. एकदा तरी त्यांनी टोकावं, एवढंच मला पाहिजे होतं. वाजवून झाल्यावर मी विचारलंही, "मास्तर, काय चुकतंय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत राग नव्हता. काहीच नव्हतं.

"काही नाय," ते म्हणाले. "छान वाजवता तुम्ही."

चहा झाला. मी निघालो. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा आठवलं, छत्री दाराला टांगलेली राहिली. परत फिरलो तर दारात एका मुलीच्या चपला. शेजारची सुमन, नर्सिंगचं शिकत होती. मास्तरांकडे शिकायला यायला लागल्याचं मला माहीत नव्हतं. ती आत खाली बसली होती आणि तिच्या हातात मी आणलेल्या पिशवीतली बासरी होती. मावशीने परकर घेतला होता, सरळ टाका लागला होता. मास्तर माझ्याकडे पाठ करून, जरा कडेला बसले होते. तोंडात कवळी नव्हती. हनुवटीखालची कातडी उडत होती. त्या टाक्याच्या दुप्पट वेगात, मी आयुष्यात कधी पोचलो नाही त्या वेगात, एकही ठोका न चुकता.

अचानक त्यांनी मशीनच्या फळीवर थाप मारली.

"कु कुठं गेला? आं? कु कुठं गेला तुझा? माजघरात कुणी मेलंय का? पुन्हा!"

सुमन हसली, ओशाळली, आणि पुन्हा वाजवायला लागली.

"कच्चा! पुन्हा!"

मी छत्री काढून घेतली. कडीचा आवाज झाला नाही, मशीन चालू होतं. गल्लीच्या टोकापर्यंत मला ते ऐकू येत होतं. पुन्हा. पुन्हा.